ती पेटी मी जोडली नाही

रॅकचं लोखंडी दार त्याने माझ्या बोटांवर आपटलं. हात काढून घेईपर्यंत दुसऱ्यांदा आपटलं. एक नख उलटलं, रक्त वायरींवर ठिबकलं.

"जंगली, तू कोन शे रे माले नही सांगनारा?"

हा मालकांचा मेहुणा. कारखाना मिरचीचा, नंदुरबारजवळचा. मी तिथला नेटवर्कवाला. सातपुड्यातल्या पाड्यावरचा, आयटीआय केलेला.

कारखान्यात नेटवर्कचे सात स्विच. वजनकाटा, शीतगृह, ऑफिस, गेट, सगळी यंत्रं या सात पेट्यांना जोडलेली. एक पेटी मुख्य, बाकी सहा तिच्या हुकमात. कोणाला आत घ्यायचं ते तिच्यातल्या यादीवर ठरतं. प्रत्येक यंत्राला आपला नंबर असतो. तो यादीत नसला तर वायर खुपसली की पेटीतली ती जागा आपोआप बंद पडते. ती यादी मी बनवली होती आणि पासवर्ड माझ्याकडे होता.

मोठी ऐट वाटायची मला. कँटीनच्या खिडकीत माझा कप वेगळा पालथा घातलेला असायचा, तरी वाटायची. मेहुण्याचा लॅपटॉप, त्याच्या पोराचा गेम, साडूचा टीव्ही, "टाक" म्हटलं की मी यादीत टाकत गेलो. एकदाही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने नवीनच पेटी आणली. छोटा स्विच, त्याला जोडायचे चार कॅमेरे आधीच कुठेतरी बसवून आला होता.

"यादीमा टाक. बाया मिरची चोरतस."

त्याने स्वतःच वायर खुपसून पाहिली होती, पण यादीत नसलेला स्विच मुख्य पेटीने घेतला नव्हता. कॅमेरे कुठे बसवलेत ते बघायला मी वायर धरून निघालो. देठ खुडायच्या शेडवरून वायर मागच्या खोलीत गेली होती. तिथे बाया कपडे बदलतात. मिरचीचा खकाणा अंगाला लागला की रात्रभर आग होते, म्हणून कामाची साडी वेगळी. पाच वाजता सुटल्यावर अंग धुवायचं, घरची साडी नेसायची. माझी आईही तिथेच नेसते. चारही कॅमेरे साड्या टांगायच्या खिळ्यांकडे वळवलेले होते.

परत येऊन मी म्हणालो, "ही पेटी मी घेणार नाही."

तेव्हा त्याने दार आपटलं.

आवाज ऐकून मालक आले. रक्त त्यांनी पाहिलं. कॅमेरे कुठे आहेत ते मी सांगितलं, तेही ऐकलं. मग घड्याळ बघत म्हणाले, "घरचाच माणूस आहे तो. टाक आणि विषय संपव."

साडेचार वाजले होते. मेहुण्याने टेबलावरची नमुन्याची पुडी फोडली, माझा हात पिळून धरला आणि पूड जखमेवर चोळली. मी ओरडलो. मालक खिडकीबाहेर बघत राहिले.

"आते टाकशी का?" तो हसला. "तुन्ही मायले कोन देखस रे."

माझ्या डाव्या हातात क्रिंपर होता, वायरींना टोकं बसवायची लोखंडी पक्कड. मी तो त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला. तो खाली बसला तेव्हा लाथ घातली. मालकांनी मला मागून धरलं, मी त्यांना भिंतीवर ढकललं.

मग एका हाताने कीबोर्ड ओढला. लॅपटॉप, गेम, टीव्ही, एकेक नंबर यादीतून पुसला. कारखान्याची यंत्रं तेवढी ठेवली. मागच्या खोलीत जाऊन कॅमेरे उपटले आणि शेडमध्ये बायांच्या पुढ्यात ठेवले.

आईने एक उचलून पाहिला. आमच्या पावरी बोलीत विचारलं, कुठे होता? मी सांगितलं. तिने मिरचीची पाटी बाजूला सारली आणि उभी राहिली. मग सगळ्याच उठल्या. पोलीस ठाण्यात आम्ही चालत गेलो.

आता दोन्हीकडून तक्रारी आहेत. परवा कारखान्याचा मुनीम पाड्यावर आला. "भाऊ, मिटाडी टाक. माफी लिखी दे, नोकरी परत भेटी."

मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. दात मीच पाडला, हे कोर्टात सांगणार आहे. शिक्षा झाली तर भोगीन. तक्रार मागे घेणार नाही. आणि तो पुन्हा त्या खोलीकडे फिरकला, तर उरलेले दातही पाडीन.