स्पिरिटने पुसलेली अक्षरं
परवा रक्त तपासायला गेले होते, नर्सने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासाने मी थेट दक्षिणेतल्या, अड्यारच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. प्रॅक्टिकलची परीक्षा होती, घामाने कोट पाठीला चिकटला होता, आणि टेबल पुसताना माझ्याच हातून स्पिरिट सांडून तिन्ही नळ्यांवरची अक्षरं धुऊन गेली. तिन्हींत जिवाणू तेच; एकीत त्यांना खायला दुधातली साखर, दुसरीत ग्लुकोज, तिसरीत दोन्ही. दुधातली साखर पचवणारा जीन चालू झाला की नळी पिवळी व्हायची, पण ग्लुकोज समोर असेपर्यंत जिवाणू तो जवळजवळ बंदच ठेवतात. एक नळी लवकरच पिवळी झाली. उरलेल्या दोन सारख्याच गढूळ; त्यातली कुठली कोणती, सांगता येईना. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "काहीतरी लिहून टाक, कोण बघतंय?" मी पेन उचललंही होतं, तेवढ्यात परीक्षक बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. माझं आडनाव वाचून तमिळ हेलाच्या मराठीत हळूच म्हणाल्या, "ग्लुकोज संपल्यावर ते काय खातील गं?" मी पेन खाली ठेवलं आणि घड्याळाकडे न बघता नळ्यांकडे बघत बसले. सगळे निघून गेले, तेव्हा कुठे त्या दोनांतली एक नळी पिवळसर वाटू लागली. खरंच होती की मलाच तशी हवी होती, कळेना. बाईंनी ती पांढऱ्या कागदासमोर धरली आणि मान डोलावली; दोन्ही साखरांची नळी तीच. परवा नर्सने माझ्या रक्ताच्या नळीवर नाव लिहिलं, तेव्हा शाई वाळेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही.