काचेखालची काडतुसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. पण सांगायचं म्हटलं, की आधी तोंडात आजोबाच येतात — कारण त्यांचा अभिमान आहे मला. आजही आहे. का नसावा?

पैनगंगेच्या काठचं आमचं गाव, हदगाव तालुक्यातलं. नदीपलीकडं निजामाची हद्द संपायची. रझाकारांच्या दिवसांत तिकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातून काडतुसं अलीकडं यायची, आजोबांकडं. कशी यायची? बांगड्यांच्या टोपलीतून! वर काचेच्या बांगड्या, खाली गवत, गवतात काडतुसं. एकदा नदीच्या उतारावर रझाकार टोपलीत हात घालायला लागले, तर टोपलीवाली बाई उलट त्यांच्यावरच खेकसली — "नक्को हात डालो मियाँ, काँच है, कटेंगा!" हात मागं गेले. केवढी छाती!

दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, गावात झेंडावंदन झालं, की हे मी सांगतो. मी नांदेडला मास्तर; तिथून मला मुद्दाम बोलावतात. मी चांगला बोलतो, हे मलाही ठाऊक आहे.

फक्त — पहिल्याच वर्षी त्या बाईचं नाव घ्यायची वेळ आली, आणि मी समोरच्या खुर्च्यांकडं पाहिलं. तिचं नाव रहिमतबी. आमच्या गावची मणियारीण, घरोघर बांगड्या भरणारी. मुक्तीच्या भाषणात हे नाव या लोकांना चालेल का? कुणी काही म्हणालं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. माझी जीभ आपोआप — नाही, आपोआप नाही. मीच वळवली. म्हणालो, ती बाई म्हणजे माझी आजी, मणियारणीचं सोंग घेतलेली. टाळ्या थांबेनात.

आजी त्या दिवसांत घरी भाकरी थापत होती. तिनंच मला ही गोष्ट सांगितलेली. आणि हेही सांगितलेलं, की निजाम गेला, गावात झेंडा लागला, आणि त्याच धामधुमीत रहिमतबीच्या नवऱ्याला आपल्याच माणसांनी शिवारात मारलं. आजोबा दार लावून बसले होते.

त्या पहिल्या भाषणानंतर रहिमतबीचा मुलगा माझ्याजवळ आला. महेबूबचाचा, हदगावच्या बाजारात बांगड्या विकतात. वाटलं, आता चारचौघांत माझी — पण ते एवढंच म्हणाले, "मास्तर, टोपली मात्र बराबर सांगितली."

आता गावच्या कमानीवर आजीचं नाव आहे. येता-जाता लोक वाचतात.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न झालं. चुडा भरायला महेबूबचाचाच आले. वय झालं होतं, पण एक बांगडी वाढवली नाही त्यांनी, एकही फुटू दिली नाही. बांगड्या भरून झाल्या, की भरणाऱ्याला नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. मुलगी वाकली. उठताना तोऱ्यात म्हणाली, "चाचा, माझ्या पणजीनं अशाच टोपलीतून काडतुसं आणली होती. माहीत हाय का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाव बेटा. लई धीराची बाई होती."

मी दारातच उभा होतो. बोलायला जागा होती. वेळही होती. मी आत वळलो — पाहुण्यांना चहा मिळाला का, ते बघायला.