डब्याचा वरचा कप्पा

नमस्कार मंडळी. या सदरातले तुमचे अनुभव मी गेली तीन वर्षं वाचते आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात कारण लिहून टाकते — वारा, मांजर, अर्धवट झोप, नवरा. माझा धंदाच तो आहे हो. दुबईत एका फूड कंपनीत मी क्वालिटी ऑडिटर आहे. काही बिघडलं की ते का बिघडलं हे शोधायचं, फॉर्ममध्ये लिहायचं आणि फाइल बंद करायची. अकरा वर्षांत माझी एकही फाइल उघडी राहिलेली नाही. भुतंखेतं, देवचार, राखणदार यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही छातीठोकपणे ‘आहे’ असं म्हणवत नाही. पण एक फाइल उघडी राहिलीय... म्हणून लिहितेय.

आम्ही अल बर्शाला सातव्या मजल्यावर राहतो. मी, नवरा नीलेश आणि नऊ वर्षांची सई. माझं माहेर पुण्याचं, सासर कुडाळजवळचं. गेल्या जानेवारीत सासूबाई, म्हणजे आई, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं आणि गावच्या घरात त्या एकट्याच. त्यांनी आता इथेच राहावं म्हणून नीलेशने जिवाचं रान केलं होतं. त्यांच्यासाठी खोली तयार, व्हिसाच्या कागदांची जमवाजमव झालेली, करामा भागातल्या भारतीय बाजारातून विळीसुद्धा आणून ठेवलेली. विळी बघून आई हरखल्या, मेट्रोत सईबरोबर सगळ्यात पुढच्या डब्यात बसून टाळ्या वाजवून झाल्या, पण राहायचा विषय निघाला की एकच उत्तर.

“थंय माका सगळी वळाखतत. झाडां वळाखतत, जाग्याचो राखणदार वळाखता. हय मी कोण? पाहुणी!”

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते — राखणदार म्हणजे त्या त्या जागेचा धनी. दिसत नाही, पण हातात काठी घेऊन आपल्या हद्दीतून फिरतो, माणसांना सांभाळतो अशी श्रद्धा. उघड्यावर जेवायला बसलं की पहिला वाटा त्याचा. मी पुण्याची. आमच्याकडे दुपारी एक ते चार खुद्द देवसुद्धा कुणाला भेटत नसेल, तर राखणदाराची काय कथा! मी हसायची. नीलेश मात्र हसायचा नाही. परतीच्या तिकिटाला नऊ दिवस उरले होते आणि तो रोज कॅलेंडरवरचे दिवस मोजायचा.

त्या शनिवारी आम्ही कलबाला निघालो. दुबईहून दीड तास पूर्वेला, डोंगर ओलांडून, बोगद्यातून पलीकडे उतरलं की समुद्र. आईंनी पहाटे उठून वडे तळले होते, कोंबडीची सागोती, भात आणि सोलकढी केली होती. सागोती भरली त्यांच्या तीन कप्प्यांच्या स्टीलच्या डब्यात. हा डबा त्यांच्या आईने त्यांना लग्नात दिलेला. वरच्या कप्प्यावर मशीनने कोरलंय, ‘चि. सौ. कां. सुनंदा हिस आईकडून’. एका कडेला पोचा आलाय, तो नीलेशने लहानपणी पाडलेला. गावाहून येताना त्यांनी तो हातातल्या बॅगेत घालून आणला, सामानात टाकला नाही.

बोगद्यातून बाहेर पडून समुद्र दिसला मात्र, आई सीटवर सरळ बसल्या.

“नीलेशा, हो तर आमचोच समुद्र रे!”

“आज्जी, इट्स गल्फ ऑफ ओमान,” सई म्हणाली.

“नाव कायव असांदे. पाणी आमचाच.”

किनाऱ्याच्या टोकाला, वाळू संपून खडकाळ जमीन लागते तिथे एक जुनं गाफचं झाड आहे. बारीक पानांचं, आपल्या शमीच्या जातीतलं. आम्ही त्याच्या सावलीत चटई टाकली. आईंनी केळीचं पान मागितलं... आणि मला आठवलं की पान घरी फ्रिजमध्येच राहिलं. आदल्या दिवशी करामातून पाच दिरहमला एक पान आणलं होतं, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, “एकशे वीस रुपये? आमच्या थंय गुरां खातत!” आता राखणदाराचा वाटा ठेवायचा कशावर?

“वाळूवर ठेवतंय,” आई म्हणाल्या.

“आज्जी, दॅट्स लिटरिंग! पोलीस विल फाइन अस!”

मग तडजोड झाली. आईंनी डब्याचा वरचा कप्पा रिकामा केला, त्यात दोन वडे, सागोती आणि भाताची मूद ठेवली आणि कप्पा झाडाच्या बुंध्याशी मांडला. जेवण होईपर्यंत ठेवायचा आणि निघताना उचलायचा, असं ठरलं. पदर खोचून त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

“हे जाग्याच्या धन्या, तू जो कोण असशीत तो! आमी लांबसून इलेली माणसां. तुका न इचारता तुझ्या सावलेत बसलंव, रागाव नको. ह्यो तुझो वाटो पयलो. माझ्या पोराबाळांक ह्या मुलखात सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नीलेश म्हणाला. “व्हय म्हाराजा!” सईसुद्धा ओरडली. मी काही म्हटलं नाही. माझ्या तोंडात वडा होता — आणि नसता तरी म्हटलं नसतं.

“आई, त्याला मालवणी कळेल का? अरबीत सांगायला हवं होतं,” मी म्हटलं.

“भुकेक भाषा नसता गो,” त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक वडा वाढला.

जेवण आटपत आलं तेवढ्यात किनाऱ्यावर गलका झाला. मासेमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते! दोर एका बाजूने पिकअप गाडीला बांधलेला, दुसऱ्या बाजूने दहा-बारा माणसं ओढतायत, आणि खुर्चीत बसलेले एक म्हातारे अरब आजोबा हुकूम सोडतायत. आई उठल्या. चपला तिथेच, साडी गुडघ्यापर्यंत वर, आणि अडुसष्ट वर्षांची ही बाई धावत जाऊन दोराला लागली! कोकणात रापणीच्या दोराला ज्याचा हात लागेल त्याला मासे मिळतात. इथला नियम कुणी विचारलाच नाही. मागोमाग सई, मग नीलेश, आणि मग — काय करणार — मी पण.

“यल्ला मामा, यल्ला!” आजोबा आईंना ओरडून म्हणाले.

“माका मामा म्हणता मेलो!” आई हसून हसून वाळूत बसायच्या बेतात आल्या. इकडे मोठ्या बाईला मामाच म्हणतात, हे त्यांना सांगायला कुणाला सवडच नव्हती.

जाळं आलं... चांदीच चांदी. तारली आणि बांगडे. आजोबांनी आईंना पिशवी भरून बांगडे दिले, पैसे घ्यायला साफ नकार. सासरे गेल्यापासून आईंना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

आणि इथेच चूक झाली. ताजे बांगडे हातात, बरोबर बर्फ नाही, घर दीड तासावर! कोकणी माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. “चला, चला, मासळी उतरात!” करत आईंनी सगळ्यांना पळवलं. मी फोनमधली यादी काढून घाईघाईने खुणा केल्या. चटई — एक. पाण्याची बाटली — दोन. डबा — एक. डब्याची कडी बसत नव्हती, झाकण खाली खाली जात होतं. ते माझ्या लक्षात आलंसुद्धा. तरी मी तो तसाच पिशवीत कोंबला. अकरा वर्षांची ऑडिटर!

घरी बांगडे साफ करून झाल्यावर आईंनी डबा घासायला घेतला आणि त्यांचे हात थांबले. दोनच कप्पे. वरचा कप्पा झाडाखालीच राहिला होता.

त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “ऱ्हवांदे,” एवढंच म्हणाल्या. “त्याका दिलेला, त्याचा झाला.” बांगड्याचं तिखलं झकास झालं होतं, पण त्या दोन घास खाऊन उठल्या. दिवसभर फुललेला चेहरा पुन्हा पाहुणीचा झाला. नीलेश माझ्याकडे बघेना. मला वाटलं, संपलं. आता या इथे राहत नाहीत.

रविवारी साडेदहाला मी आणि नीलेश पुन्हा कलबाला गेलो. झाड तेच, आमच्या चटईची खूण वाळूवर तशीच, कप्पा नाही. अन्नाचं एक शीतही नाही. सफाई कामगारांना विचारलं, जाळी दुरुस्त करत बसलेल्या मासेमारांना विचारलं. त्यातल्या एका केरळच्या माणसाने हिंदीत सांगितलं, “सुबह से हम इधर हैं, मॅडम. बर्तन नहीं देखा.” मी माझा नंबर तरी देऊन ठेवायला हवा होता. पण मन इतकं खट्टू झालं होतं की तेही सुचलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा — आमचं नाव, नंबर, पत्ता आम्ही तिथे कुणालाही दिला नाही. ना शनिवारी, ना रविवारी.

परतताना, सव्वातीनच्या सुमारास आईंचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

“सोधू नको गो. इलो.”

“कोण आलं?”

“तू ये. मगे सांगतंय.”

घरात शिरलो तर जेवणाच्या टेबलावर कप्पा! तोच. तेच कोरलेलं नाव, तोच पोचा. लख्ख घासलेला. आत काठोकाठ खजूर, ओले, मधासारखे नरम. वर झाकायला केळीच्या पानाचा तुकडा. बुडाशी चिकटलेली चिमूटभर वाळू.

मी आधी काय केलं असेल? फ्रिज उघडला. आमचं पान तिथेच, अख्खं, न कापलेलं. मग सईची उलटतपासणी.

“बेल वाजली का?”

“नो. आज्जी सेड समवन इज वॉकिंग आउटसाइड विथ अ स्टिक. मला काहीच ऐकू आलं नाही. शी टोल्ड मी टू ओपन द डोअर. अँड इट वॉज ऑन द शू रॅक.”

“काठी टेकीत टेकीत इलो,” आई शांतपणे म्हणाल्या. “टक्... टक्... दाराशी थांबलो.”

मी तडक खाली नातूरकडे, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे गेले. रफीकभाई सज्जन माणूस. त्यांनी सातव्या मजल्याच्या पॅसेजमधलं कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. तीन वाजून पाच मिनिटांनी शेजारची फिलिपिनो बाई मांजर घेऊन जाते, तेव्हा शू रॅकवर फक्त चपला-बूट. तीन वाजून बारा मिनिटांनी सई दार उघडते, तेव्हा रॅकवर कप्पा. मधल्या सात मिनिटांत पॅसेज रिकामा. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. खालच्या दाराला तर कार्डाशिवाय शिरताही येत नाही. रफीकभाईंनी ते तीनदा मागे-पुढे करून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, खजूर अच्छे हैं ना? तो खलास. खाओ.”

मी अजून हरले नव्हते. कॅमेरा हालचाल झाली तरच टिपतो, मध्ये काहीतरी सुटलं असेल. हा ओल्या खजुराचा मोसम नाही, पण फ्रोझन मिळतात. केळीचं पान कुठेही मिळतं. किनाऱ्यावरून कुणी गाडीचा पाठलाग केला असेल... पण मग एक दिवस थांबून, कार्ड नसताना, नेमकं आमच्याच दाराशी, न दिसता? प्रत्येक गोष्टीला एकेक कारण सापडत होतं, पण सगळ्याला मिळून एक सापडेना.

रात्री आईंनी डबा लावला. तिन्ही कप्पे एकावर एक, आणि कडी बसली. टक्. मग खजूर वाटता वाटता त्या सहज म्हणाल्या, “शेजाऱ्याचा भांडा कोण रिकामा पाठवता? इतकी रीत त्याका म्हायत आसा. चांगल्या घरचो दिसता.”

नीलेश हसला. तशा त्या पुढे म्हणाल्या, “आता आपल्याकय त्याचो वाटो लागता. दर टायमाक. आठ दिवसान मी गेलंय तर कोण घालतलो? ही?” आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “हिका गाऱ्हाणा तरी येता काय? ता तिकीट बघ काय करतंस ता, नीलेशा.”

नीलेश उठून गॅलरीत गेला. नाक शिंकरल्याचा आवाज आतपर्यंत आला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आई इथेच आहेत. त्यांची आता बिल्डिंगभर ओळख आहे, आणि रफीकभाईंना दर शुक्रवारी घावणे जातात. महिन्यातून एकदा आम्ही कलबाला जातो आणि त्याच झाडाखाली तोच कप्पा मांडतो. निघताना तो उचलून आणतो, कधी मांजरांनी चाटून साफ केलेला, कधी जसाच्या तसा. तो पुन्हा कधी आपणहून आला नाही. आईंना त्याचं काही वाटत नाही. ओळख एकदाच करून द्यायची असते, म्हणतात.

या प्रकाराचा मी खरोखरच फॉर्म भरून ठेवलाय, हसू नका. कारणाचा रकाना कोरा आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी अगदी मन लावून वाचेन. फक्त पुढच्या शनिवारी उत्तर देणार नाही. आम्ही कलबाला असू. आई गाऱ्हाणं घालतील, आणि आता तोंडात वडा असो वा नसो, सगळ्यात मोठ्यांदा मीच ओरडते — व्हय म्हाराजा!