वहिनींचं फोनमधलं शेत

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वहिनींना जाऊन पाच महिने होत आले. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांच्या मोदकांबद्दल बोलतात. मला जे आठवतं ते तोंडाने कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. शेवटची भेट दवाखान्यात, दुपारची. मी कोलकात्याबाहेर बजबजला राहते, तिथून मऊ भात घेऊन गेले होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं नाही. "आलीस? बरं झालं. माझा फोन काढ, भोपळे सुकतील." एका हाताला सलाईन होतं. दुसऱ्या सुजलेल्या हाताने माझं बोट धरून त्या काचेवर टेकवत राहिल्या... इथे दाब, आता तिथे, तो हिरवा दाब. मी दाबत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

लग्न होऊन कोलकात्याला आले तेव्हाही त्यांनी माझं बोट असंच धरलं होतं. बंगाली चार आपल्याला इंग्रजी आठसारखा दिसतो. मी भलत्याच बसमध्ये चढून रडत परत आले, तर त्यांनी ताटात तांदूळ पसरून एका दुपारी सगळे आकडे गिरवून घेतले. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला नाही सांगणार. त्याबदली पुरण वाटून दे."

पुढे थोरले दीर वारले, पुतणी मेघा न्यू टाउनला नोकरीला लागून तिकडेच राहायला गेली, वहिनी घरात एकट्या पडल्या. कुणीतरी फोनवर तो खेळ घालून दिला. त्यात शेत असतं. दर चार तासांनी पाणी घालायचं, नाहीतर पीक जळतं. जळू द्यायचं नसेल तर हिरे घ्यायचे, खऱ्या पैशांनी. बंद करायला गेलं की एक वासरू डोळ्यांत पाणी आणतं. अख्ख्या मंडळाचा स्वयंपाक ओढणारी ही बाई चैत्रातल्या हळदीकुंकवाला डाव्या हाताने कुंकू लावू लागली, उजव्यात फोन म्हणून. मी हळूच म्हटलं, "वहिनी, डावा हात?"

"अगं, पाचाला दहा कमी आहेत, कापणी आहे."

बायका हसल्या. मला किळस आली. त्या खेळाची... आणि खरं लिहायचं तर वहिनींचीही.

तेराव्याला पानं मांडली होती आणि त्यांचा फोन वाजला. मेघाने वाचून दाखवलं, वासरू तुमची वाट बघतंय. मी विचारलं, असं कोण लिहितं? ती म्हणाली, "काकू, लोकांनी सोडू नये म्हणून असंच बनवतात. आमच्या ऑफिसच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये पण बनवतात. चांगले लोक आहेत, घरचा डबा आणतात." म्हणजे कुणीतरी पगार घेऊन ते वासरू काढलं. किती रडलं की म्हातारी फोन खाली ठेवत नाही, ते बघितलं. मग डबा खाल्ला.

त्याच दिवशी देशपांडेबाईंनी मला बाजूला घेतलं. "वाईट वाटून घेऊ नका, पण माझी भिशी राहिली." भिशी वहिनींकडे असायची. बारा बायका, महिन्याला हजार. पैसे ताटाखाली सरकवायचे, मोजायचे नाहीत, मोजणं म्हणजे अविश्वास. त्यामुळे बाईंचे बारा हजार कुठे गेले हे कुणाला कळलंच नव्हतं. मेघाने बँकेचे कागद काढले. सगळ्याचे हिरे झाले होते. सात हजार आधीचे, पाच हजार त्या दवाखान्यातल्या दुपारचे. तो हिरवा चौकोन म्हणजे विकत घेणं होतं. दाबलं मी. मेघाला तसं सांगितलं.

मेघा म्हणाली, "काकू, सगळे मी देते. तुम्हाला इंग्लिश कुठे येतं?"

मी म्हटलं, "आकडे येतात. सात तुझे, पाच माझे."

तिने त्याच आठवड्यात दिले. मी शेजारच्या दोन घरी पोळ्या लाटायला लागले. दर महिन्याला एक हजार नेऊन देत होते. वहिनींना चोर म्हणायची वेळ कुणावर येऊ नये, एवढंच मनात होतं. काल पाचवा हजार दिला. देशपांडेबाईंनी सवयीने न बघता कमरेला खोचला. मी म्हटलं, मोजा. त्या ओशाळल्या. मी तशीच उभी राहिले, तेव्हा नोटा काढून त्यांनी एकेक मोजली.

"पुरे आहेत हो," त्या म्हणाल्या. "सुमनताईंकडे आता माझं काही राहिलं नाही."