वीस कुठून आले?

आमचे सराव पाठ बघायला मॅडम आल्या की शेवटच्या बाकावर बसत आणि आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. रंगीत तक्ते, फळ्यावरचं मोत्यासारखं अक्षर, सगळं वाया. त्या शेजारच्या मुलाच्या वहीत डोकं घालून बसलेल्या असायच्या. गणित कसं शिकवायचं ते बी.एड.ला आम्हाला त्यांनी शिकवलं, तरी पाठीमागे त्यांचं नाव 'शेवटचा बाक'च होतं.

खोडरबरावर त्यांचा भारी राग. "पुसायचं नाही गं, आधी वाचायचं," म्हणत. मुलांची चक्रावून टाकणारी उत्तरं एका जाडजूड वहीत उतरवून घेत आणि समोर त्या मुलाचं म्हणणं लिहीत. मी एकदा आगाऊपणे विचारलं, "मॅडम, इतक्या चुका जमवून करणार काय?"

"त्या चुका आहेत हे तुला कोणी सांगितलं?"

पुढे मी खारदांड्याजवळच्या एका शाळेत लागले. एक दिवस मॅडम माझा तास बघायला आल्या. फळ्यावर गणित होतं, बावन्न वजा अडतीस. आईबरोबर मासळीबाजारात बसणारी, वर्गात मात्र तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी आपणहून उठली. तिने वीस लिहिले, त्याखाली सहा. हातचा घेतलाच नव्हता. मॅडमसमोर शोभा नको म्हणून मी घाईघाईने डस्टर फिरवला आणि रीतसर गणित सोडवून दाखवलं. मुलगी मान खाली घालून जागेवर गेली. पुन्हा कधी फळ्यापाशी आली नाही.

जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "तिने वीस कुठून आणले? विचार आणि मला कळव."

मी विचारलं नाही. पोर्शन, चाचण्या, पालकसभा. उद्या विचारू म्हणता म्हणता वर्ष संपलं आणि ती शाळा सोडून गेली.

मॅडम आजारी पडल्या तेव्हा मुलुंडला त्यांच्या घरी गेले. उशाशी तीच वही. "त्या वीसचं काय झालं गं?"

मला लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. "चुकून लिहिले होते, मॅडम."

 त्यांनी वही उघडली आणि त्या दिवशी उतरवून घेतलेल्या गणितासमोर लिहिलं, 'चुकून. (हे शिक्षिकेचं म्हणणं.)' वही मिटून त्यांनी मला चहा घेणार का विचारलं. महिन्याभरात त्या गेल्या.

यंदा वर्गात तेच गणित घातलं. एका मुलीने वीस लिहिले, त्याखाली सहा. माझा हात डस्टरकडे गेला होता, पण थांबला. "हे कसं केलंस गं?"

"टीचर, पन्नासमधून तीस गेले, वीस राहिले ना? दोनमधून आठ काढायला सहा कमी पडतात. ते वीसमधून घेतले." आणि तिने खाली चौदा लिहिले.

मासळीबाजारातल्या त्या पोरीलाही चौदाच लिहायचे होते. मी लिहू दिले नाहीत. मॅडमच्या वहीत तिच्या गणितासमोर अजून माझं खोटं आहे, आणि त्या वहीतलं मॅडमनी कधी काही पुसलं नाही.