गाईनं तोंड फिरवलं

देवीसमोर मी लबाडी केली होती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला चांगली दाखवायला लागेन, आणि माझा टायपिंगचा वेग असा आहे की खोटं लिहून होईपर्यंत ते खोटं आहे हे माझ्याही लक्षात येत नाही. मी सुरतेच्या लिंबायतमध्ये लग्नपत्रिका छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. मराठी पत्रिका सगळ्या माझ्याकडे. आमच्या देवीच्या मंडळाचा अंकही इथेच निघतो, म्हणून तीन वर्षं मी लोकांना आलेले अनुभव टाइप करतेय. कुणाला स्वप्नात उजेड दिसतो, कुणाला बंद खोलीत फुलांचा वास येतो. माझ्या अनुभवात उजेड नाही. वास आहे, पण तो गाईचा आहे. तरी लिहिते, शेठ जेवायला गेलेत तोवर.

माझे पप्पा पाणी खात्यात व्हॉल्व्हमन होते. म्हणजे पहाटे पाचला खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचं, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की आमच्या तीन गल्ल्यांना पाणी. दीड तासानं जाऊन बंद करायचं. तीस वर्षं हेच. गल्लीत त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, गुजराती लोक पाणीवाळा काका म्हणतात आणि आमचे खान्देशी पानीवाले आबा. गेल्या वर्षी मे अखेरीस ते रिटायर होणार होते, आणि फाल्गुन लागला तसे त्यांचे बेत सुरू झाले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते यादी करायचे. सकाळी सातपर्यंत झोपणे. गच्चीवर दोडक्याचा वेल लावणे. रेडिओ दुरुस्त करणे. दात दाखवणे. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: गाव की सुरत.

गाव म्हणजे पारोळ्याकडचं आमचं गाव. दोन खोल्या, एक कडुनिंब आणि काका. पप्पा रिटायर झाल्यावर तिकडे गेले तर आई जाणार, आणि आई गेली तर मीही जाणार, कारण लग्न न झालेली मुलगी सुरतेत एकटी कोण ठेवतं? गावात कॉम्प्युटर नव्हता, आणि असता तरी त्याला लागणारी वीज संध्याकाळी यायची नाही. माझी नोकरी गेली असती. मग वर्षाच्या आत लग्न, आणि माझी पत्रिका दुसऱ्याच कुणीतरी, भलत्याच फॉन्टमध्ये केली असती. मी जेवताना चारदा विषय काढला. पप्पा भाकरी मोडत म्हणायचे, बघू, देवी सांगेल. आईला विचारलं तर ती म्हणायची, मला कोण विचारतं. आणि मला तर खरंच कुणी विचारलंच नव्हतं.

मग एक दिवस पप्पांनी ठरवलं की शुक्रवारी चिठ्ठ्या टाकायच्या. आमच्याकडे चिठ्ठ्या नुसत्या टाकत नाहीत, कणकेच्या गोळ्यात घालून देवीपुढे ठेवतात, म्हणजे हाताला कागद कळत नाही. उचलायची बाहेरच्या माणसानं. पप्पा मला म्हणाले, तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, तू दुकानातूनच छापून आण, दोन्ही एकसारख्या. एकसारख्या हा शब्द त्यांचाच होता. मी फक्त तो जरा जास्तच पाळला. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी 'सुरत' छापलं. मधोमध, वर बारीक नक्षी. देवीवर माझी श्रद्धा नव्हती असं नाही, तिच्या निर्णयावर भरवसा नव्हता एवढंच. मनात म्हटलं, आई, तुला यातली कुठलीही निवडायची पूर्ण मोकळीक आहे. घड्या घालून पप्पांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी उघडूनही पाहिल्या नाहीत. ते मात्र मला टोचलं. पण फार नाही टोचलं, हेही सांगते.

शुक्रवारी पप्पा पहाटे जाऊन पाणी सोडून आले, आंघोळ केली, आणि आईनं कणीक मळली. दोन गोळे, दोन चिठ्ठ्या, वर हळदकुंकू, पितळेच्या ताटलीत देवीपुढे. उचलायला शेजारच्या बाला बोलावलं होतं. बा म्हणजे सत्तरीची गुजराती म्हातारी, गल्लीची आजी. आईनं तिला एवढंच सांगितलं होतं की देवीचं काम आहे, सात वाजता या. आम्ही तिघं हात जोडून बसलो होतो. पप्पा इतके घाबरलेले मी कधीच पाहिले नव्हते. डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. आणि तेवढ्यात बाहेरून समोरच्या नानांची हाक आली, "ओ आबा, आज तापी आपल्याच घरमा येवानी शे का?"

पप्पा पाणी बंद करायला विसरले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडे अर्ध्या नळांना तोट्याच नाहीत, व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पाणी वाहतं. गल्ली घोट्यापर्यंत भरली होती. आणि फाल्गुन म्हणजे वाळवणाचे दिवस, सगळ्यांनी पहाटेच जमिनीवर चादरी अंथरून पापड आणि ज्वारीचे बिबडे घातलेले. पप्पा चावी घेऊन धोतराचा सोगा वर धरत पळाले, मी आणि आई चादरींची टोकं धरून धावायला लागलो. नानांची बायको गावाला गेलेली, त्यामुळे त्यांच्या पापडांच्या चादरीचं एक टोक मी धरलं, दुसरं टोक धरून नाना मला सूचना देत होते आणि स्वतः एकाच जागी उभे होते.

इकडे बा वेळेवर आमच्या घरी पोचली. घरात कुणी नाही. देवीपुढे ताटलीत कुंकू लावलेले कणकेचे दोन गोळे. आणि दारात गल्लीतली तांबडी गाय, जिला बा रोज सकाळी कणीक घालते. बा काय समजायचं ते समजली. आई परत आली तेव्हा बा दुसरा गोळा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि गाईचे जबडे हलत होते. "एक तो गायने आपी दीधो," बा खुशीत म्हणाली. "चांदलो करेलो हतो ने, मने थयुं गाय माटे ज काढ्यो छे." एक तर गाईला देऊनही झाला होता. कुंकू पाहिलं, म्हणून गाईसाठीच काढलाय असं वाटलं, यात तिचं काय चुकलं?

पप्पा ओल्या धोतरानं आले, मागून नाना आले, आणि आमच्या उंबऱ्यावर धर्मसभा भरली. बाला काय झालं ते समजावल्यावर तिनं कानाला हात लावले, पण लगेच निकालही दिला: गाईनं घेतलं म्हणजे माताजीनं घेतलं, जी चिठ्ठी पोटात गेली तीच खरी. नानांना बाचं काहीच पटत नाही, पाण्याचा नंबर पटत नाही तर हे कुठून पटणार. ते म्हणाले, "गायनी खाई टाकं ते गयं. उरनं तेच खरं." पप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं, थोडा वेळ देवीकडे पाहिलं आणि बाच्या बाजूनं झाले. आता उरलेला गोळा फोडायचा, म्हणाले, त्यात जे असेल ते सोडून दुसरं. ते देवीनं घेतलं.

माझं डोकं टायपिंगपेक्षाही जोरात चालायला लागलं. उरलेल्या गोळ्यात सुरत. म्हणजे गाईच्या पोटात गाव. म्हणजे जे गाव मी छापलंच नव्हतं, ते देवीनं स्वीकारलं. मी दोन्ही बाजूंनी दार बंद केलं होतं आणि स्वतःच बाहेर राहिले होते. मी एकदम नानांची वकिली करायला लागले. उरलेलं तेच प्रसाद असतं, गाईला काय वाचता येतं, काय काय बोलले. जन्मात पहिल्यांदा मी नानांच्या बाजूनं बोलत होते, त्यामुळे नानांनाच संशय आला. ते म्हणाले, "तुले कसं ठाऊक बेटा, त्यामा काय शे?"

मग मी जे केलं ते विचार करून केलेलं नाही. बाच्या हातातला गोळा ओढला आणि गाईसमोर धरला. म्हटलं, हाही खाऊन टाक, म्हणजे भांडणच नको, दोन्ही गेले की पुन्हा चिठ्ठ्या. आता या गाईबद्दल सांगायला हवं. ही गाय आमच्या दुकानातला पत्रिकांचा गठ्ठा खाऊन गेलेली आहे, नानांचा टॉवेल, बाच्या चपलेचा पट्टा, सगळं. हिनं कशाला नाही म्हटलेलं गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. तिनं गोळ्याला नाक लावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. मी दुसऱ्या बाजूनं गेले. तिनं पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा तर ती पूर्ण वळली आणि तिची शेपटी माझ्या तोंडावर बसली.

नंतर नाना सांगत होते की त्यांची चादर ओट्यावर ठेवून आम्ही बाकीच्या चादरींमागे धावलो तेव्हा तिनं त्यांच्या पापडांची अर्धी चादर संपवली होती, पोट भरलं असेल. असेल. मी वाद घालत नाही. मला तेव्हा फक्त इतकं कळलं की माझी लबाडी तिलासुद्धा नको आहे. मी उंबऱ्यातच बसले, आणि रडत सांगून टाकलं. दोन्हीवर सुरत आहे. मीच छापलं.

नाना गप्प राहिले, हा त्या दिवसाचा अर्धा चमत्कार. पप्पांनी माझ्या हातातला गोळा घेतला, फोडला, चिठ्ठी पुसून उलगडली आणि लांब धरून वाचली, चष्मा घरात होता. "दोन्ही?" "दोन्ही." आणखी थोडा वेळ पाहून ते म्हणाले, "अक्षर मातर चांगलं शे." आई पदर तोंडात कोंबून हसायला लागली आणि मला आणखीच रडू आलं. मग पप्पा माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसले, ओल्या धोतरानं, आणि इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "खरं सांग पोरी, तुले काय वाटस?"

मी सगळं सांगितलं. दुकानाचं, पत्रिकांचं, भीतीचं. ते ऐकत राहिले. मी म्हटलं, तुम्हाला गाव पाहिजे ना, मग मला नाही म्हणता येत नाही. तेव्हा त्यांनी मान हलवली. गाव पाहिजे असं नव्हतंच. ते खाली बघून म्हणाले, "दुसरा चावी फिरवी, आनि मी घरमा बसीसन पानीना आवाज ऐकसू? ते माले जमाव नही." एवढंच होतं ते. तीस वर्षं पाणी देणाऱ्या माणसाला पाण्याच्या आवाजापासून पळायचं होतं, आणि हे आम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी देवीला मध्ये घातलं होतं. मीही देवीला मध्ये घातलं होतं. आणि आई? ती म्हणाली, आखाजीच्या सणाला पंधरा दिवस गावाला जाऊ, बाकी इथेच राहू, मला वाळवणाला ऊन लागतं, ते दोन्हीकडे आहे. आणि मग जरा थांबून म्हणाली, या घरात मला विचारायला गाय दारात यावी लागली.

कागद काढलेला तोच फुटका गोळा बानं पुन्हा गाईपुढे धरला. तिनं एका घासात गिळला. मी जसं झालं तसं सांगतेय.

आता या गोष्टीला वर्ष होईल, गल्लीत परत चादरी पडल्यात. मी खूप विचार केलाय. देवीवर सोडलं असं आपण सहज म्हणतो, आणि एक टोक हातात घट्ट धरून ठेवतो. मी तर दोन्ही टोकं धरली होती. त्या दिवशी देवीनं ना गाव सांगितलं, ना सुरत. तिनं फक्त आमच्या हातातलं सगळं सोडवून घेतलं, आणि हात मोकळे झाले तेव्हा आम्ही तिघं एकमेकांशी बोललो. यापेक्षा मोठा कौल मला तरी माहीत नाही. तिचे उपकार मानते, गाईचेही मानते, आणि नानांच्या पापडांचेसुद्धा.

एकच सांगायचं राहिलं, शेठची स्कूटर वाजली वाटतं. जूनच्या पहिल्या सकाळी पाच वाजता पप्पा खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. यादीत सात लिहिलं होतं, पण झोप कुठली. नळ खाकरला, मग पाणी आलं, भांडी वाजायला लागली. ते भिंतीकडे वळले. आईनं हंडा त्यांच्या खाटेशी आणून ठेवला आणि म्हणाली, जा, नंबर लावा. मी दारातून पाहत होते. बायकांच्या रांगेत पप्पा हंडा घेऊन उभे, बानं सरकून त्यांना पुढे जागा दिली. ते नाही म्हणाले, आपल्याच नंबरावर थांबले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी हंडा नळाखाली धरला, दुसरा हात धारेत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "धार चांगली शे."