माझ्या वाटच्या दोन घंटा

दिवेआगरहून निघाले त्या सकाळी सुमो फाटकाशी येऊन उभी राहिली, तेव्हा माझे वडील, अप्पा, घरात नव्हते. मिलिंद, माझा नवरा, सारखं घड्याळ बघत होता. वहिनी कुळथाच्या पिठाची पिशवी माझ्या बॅगेत कोंबत होती आणि मी 'वजन होईल गं' म्हणत ती बाहेर काढत होते. शेवटी मीच मागे वाडीत गेले. अप्पा पोफळींच्या रांगेत पडलेल्या झावळ्या ओढून एका कडेला रचत होते.

'निघते,' मी म्हटलं आणि वाकून नमस्कार केला.

त्यांनी हात पंचाला पुसले. 'पोचलीस की कळव. पण रोज फोन नको. रोज सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.' आणि ते परत झावळ्या ओढायला लागले.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. श्रीवर्धनच्या एका शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवलं होतं. मिलिंदला इंग्लंडच्या उत्तरेकडे एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून निघालो. आम्हाला मूल नाही. त्यामुळे 'तुम्हाला काय, तुम्ही मोकळे' असं सगळेच म्हणाले. त्या मोकळेपणाचं वजन बॅगेत धरलं नव्हतं. दोन वर्षांची आता आठ झाली.

तुम्ही गावाकडचे सगळे दर फोनला विचारता, 'तिथे करमतं का?' मी 'हो' म्हणते. आज खरं लिहिते. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला काळोख व्हायचा. मिलिंद शिफ्टला. मी खिडकीशी बसून समोरच्या घराचा दिवा कधी लागतो ते बघायची. शाळेत दिवसाला सहा तास घसा फोडणारी बाई मी. एका मंगळवारी सहज मोजलं, तर सकाळपासून अकरा शब्द बोलले होते. त्यातले चार बस ड्रायव्हरशी.

त्याच आठवड्यात लायब्ररीत एक कागद चिकटवलेला दिसला. हँडबेल वाजवणाऱ्या मंडळींना माणसं हवी होती, दर गुरुवारी दुपारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. खाली लिहिलं होतं, 'संगीत येण्याची गरज नाही. दोन हात असावेत आणि मोजता यावं.' मोजता मला येत होतं.

घंटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर देवळातली येईल. ही तशी नव्हे. पितळेची, हातात धरायची, वर चामड्याची मूठ. मनगटाला हलका झटका दिला की एकच स्वर वाजतो, आणि थांबवायचा असला की घंटा खांद्याला टेकवायची. पितळेवर डाग पडू नयेत म्हणून पांढरे हातमोजे घालतात. लांबलचक टेबलावर स्पंज आणि त्यावर जाड कापड, त्यावर सगळ्या घंटा ओळीने. प्रत्येकाच्या वाट्याला दोन. एक सूर तुमच्या उजव्या हातात, एक डाव्या हातात, बाकीचं गाणं दुसऱ्यांच्या हातांत. आपली पाळी येईपर्यंत मनात मोजत गप्प उभं राहायचं. गप्प राहायचा सराव मला तोवर झालाच होता.

मंडळी चालवते ती जून. सत्तरीची, जन्मभर याच गावात घरोघर टपाल वाटलेली. माझ्या वहीत माझे सूर तिने लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवून दिले. माझ्या शेजारी केनेथ, निवृत्त बस ड्रायव्हर. त्याची बायको या मंडळीत वाजवायची. ती गेल्यावर जून तिच्या घंटा कपाटात ठेवायला निघाली, तेव्हा हा म्हणाला, 'राहू देत, मी येतो.' हे मला जूनने सांगितलं. केनेथ स्वतः फारसं बोलत नसे. मी चुकले की टेबलाच्या कडेवर बोटाने ताल दाखवायचा, एवढंच.

वृद्धाश्रमात, शाळेत, नाताळच्या बाजारात आम्ही वाजवायचो. वाजवून झालं की हॉलमध्ये चहा, केक आणि हवेच्या गप्पा. मी हसायची. घरी आले की पुन्हा तेच घर. पण गुरुवार मात्र लवकर यावा असं वाटायचं.

मग ते वर्ष आलं, सगळं जग दारं लावून बसलं ते. जून महिन्यात इथे जरा मोकळीक मिळाली, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे वादळ आलं. बातम्यांत श्रीवर्धन, दिवेआगर ही नावं ऐकली आणि फोन लावत सुटले. अप्पांचा बंद, दादाचा बंद, वहिनीचा बंद. शेजारपाजाऱ्यांचेही बंद. विमानं नव्हती. मिलिंद म्हणाला, 'टॉवर पडले असतील, धीर धर.' दुसरं तो तरी काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. जूनने तिच्या परसात सहा जणांना बोलावलं होतं, लांब लांब उभं राहून वाजवायला. मी गेले. कुणीतरी विचारलं, 'घरचे बरे ना?' मी म्हटलं, 'बरे आहेत.' कारण खरं सांगायचं तर दिवेआगर कुठे, वाडी म्हणजे काय, तिथपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढं बळ नव्हतं. मी वाजवायला लागले आणि एकामागून एक ठोके चुकत गेले. केनेथने त्या दिवशी ताल दाखवला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आपल्या वाडीत काम करणारा चंदू. रेंज शोधत म्हसळ्याच्या दिशेने डोंगर चढून गेला होता.

'ताई, चंदू बोलतोय. अप्पा बरे हायेत. दादा, वहिनी, समदी बरी हायेत. कौलं उडाली.' मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. 'ताई, वाडी न्हाय ऱ्हायली.'

'म्हणजे किती गेली?'

'मोजायला काय न्हाय ताई. समदी आडवी हाय.'

मिलिंद कामावर होता. मी चपला घालून निघाले ती केनेथच्या घरापाशी थांबले. त्याच्या घरी पूर्वी कधी गेले नव्हते. तो पुढच्या बागेत गुलाब छाटत होता. मी फाटकाबाहेरूनच म्हटलं, 'माझ्या वडिलांची झाडं पडली.'

त्याने कात्री खाली ठेवली. 'किती?'

'सगळी.'

'कसली झाडं?'

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि मी त्याला पोफळ समजावत राहिले. सरळ, उंच, मनगटाएवढ्या जाडीची वाटावी अशी दुरून, दाटीने उभी. चंदू एका झाडावर चढतो आणि शेंड्याशी झोका घेऊन दुसरं झाड पकडतो. रांगच्या रांग संपवतो.

'खाली न उतरता?'

'खाली न उतरता.'

केनेथ हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, 'मग आता तो काय करणार?'

चंदूचं काय होणार, हा विचार पाच दिवसांत माझ्या मनात आला नव्हता.

पुढे काही महिने आम्ही आपापल्या घरी बसून वाजवायचो. कानात ताल लावून ज्याने त्याने आपले दोन सूर मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, मग जूनचा नातेवाईक ते सगळे जोडायचा. अप्पांना जोडलेलं गाणं पाठवायला गेले आणि चुकून माझं एकटीचं रेकॉर्डिंग गेलं. रविवारी त्यांचा फोन आला.

'ऐकलं. तू मधे मधे एवढी गप्प का असतेस?'

'अप्पा, तेव्हा दुसरे वाजवतात.'

'ते ऐकू येत नाहीत.'

मी त्यांना पूर्ण गाणं पाठवलं. ते त्यांनी एकदाच ऐकलं म्हणे. वहिनी सांगायची, घरी कुणी आलं की अप्पा मोबाइल काढून ते पहिलंच लावतात. एक ठोका, मग कितीतरी वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. आलेली माणसं बिचारी हातात चहा धरून थांबतात. अप्पा म्हणतात, 'थांबा, अजून आहे. माझी मुलगी वाजवत्येय.'

विमानं सुरू झाल्यावर आले तेव्हा तुम्ही मला पाहिलंत. अंगणात भर दुपारी ऊन होतं. आपल्या अंगणात ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. अप्पा ओटीवर टोपी घालून बसले होते. मी तीन आठवडे राहिले, निघताना म्हटलं, 'आता दरवर्षी येईन.' एक वर्ष मिलिंदची सुट्टी जमली नाही. एक वर्ष तिकीट काढलं आणि मलाच बरं नव्हतं. तिसरं वर्ष उजाडलं, तेव्हा गेल्या कार्तिकात अप्पांना ताप आला. दादा म्हणाला, 'व्हायरल आहे, धावत येण्यासारखं काही नाही.' त्यालाही तसंच वाटलं होतं. चौथ्या दिवशी अप्पा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

तेरा दिवस मी घरात होते. वहिनी सकाळपासून चुलीपाशी, आल्यागेल्याचं बघत. मी उठून काही करायला गेले की तीन-तीन डबे उघडावे लागत. साखर कुठे, पत्ती कुठे, मला ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणायची, 'तू बस, दमून आल्येस.' ती मायेनेच म्हणत होती. मला मात्र लागत होतं. या घरात माझ्यावाचून काही अडलेलं नाही, शेवटच्या दिवसांतही अडलं नाही, हे मला दर डब्यागणिक कळत होतं.

परत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी नाताळचा कार्यक्रम होता. मी वाजवणार नाही हे जूनला आधीच कळवलं होतं. मिलिंद म्हणाला, 'घरात बसून तरी काय करशील?' म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसले. इतक्या वर्षांत मंडळीचं वाजवणं समोरून मी प्रथमच ऐकत होते. माझ्या जागी कुणी नव्हतं. केनेथने चार घंटा घेतल्या होत्या, एकेका हातात दोन, मुठी एकमेकींत अडकवून. एक वाजवायची तर हात पुढे झटकायचा, दुसरी वाजवायची तर आडवा. त्या गाण्यात माझे एकोणीस ठोके होते. मी मनात मोजले. एकोणीसच्या एकोणीस जागेवर पडले. गाणं कुठे फाटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि ठरवलं की आता हे पुरे.

जूनला निरोप पाठवला की मी सोडते, माझ्याशिवाय छान जमतंय. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. टपाल वाटलेली बाई, तिला बेल वाजवायची सवय नाही, ती दार ठोठावते.

'केनेथचं मनगट सुजलंय,' ती म्हणाली. 'तू गेल्यापासून रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन सराव करत होता. या वयात एका हातात दोन घंटा पेलत नाहीत. डॉक्टरने महिनाभर बंदी घातल्ये. तुला सांगू नको म्हणाला होता. मी सांगत्ये, कारण तू लिहिलंस की छान जमतंय.'

ती गेल्यावर मी वहिनीला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ झाली होती. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. मी विचारलं, 'वहिनी, अप्पांची नखं कोण कापायचं?'

'मी. का गं?'

'डॉक्टरकडे?'

'मीच. दादा गाडी काढायचा, पण आत त्यांना मी लागायची. दादावर ओरडायचे. कानात तेल, गोळ्या, सगळं मीच. तुला आज हे काय आठवलं?'

'ते माझ्या वाटचं होतं,' मी म्हटलं. 'तू केलंस. मला कधी म्हणालीही नाहीस.'

मग ती म्हणाली, 'अप्पांना माझा चहा कधीच आवडला नाही, माहित्ये? गोड करतेस म्हणायचे. रोज म्हणायचे आणि रोज प्यायचे.' आणि ती रडायला लागली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असताना तिला रडायला वेळ झाला नव्हता, आणि तेव्हा तिच्याजवळ असूनही ते मला दिसलं नव्हतं. मी फोन तसाच धरून बसले.

तर तुम्ही विचारता, आता घर कुठलं? परतायचं कधी? मला सांगता येत नाही. दिवेआगरला साखरेचा डबा मला सापडत नाही, आणि इथे पोफळ समजावायला तास लागतो. एवढंच कळलंय की आपण निघून आलो म्हणून काही बंद पडत नाही, आणि बंद पडत नाही ते कुणीतरी उचलतं म्हणून. तिकडे ते वहिनीने उचललं. त्या फोनपासून वहिनीशी मी खरं बोलते. ते जिथे बोलता येतं त्याला मी सध्या घर म्हणते. इथे तशी जागा अजून फारशी झालेली नाही.

पुढच्या गुरुवारी हॉलवर गेले. केनेथ मनगटाला पट्टा बांधून खुर्चीत बसला होता. मी हातमोजे चढवले, माझ्या दोन घंटा घेतल्या आणि मग त्याच्याही दोन उचलल्या. मुठी एकमेकींत कशा अडकवायच्या ते त्याने डाव्या हाताने दाखवलं. निम्मे ठोके चुकले. दोन घंटा एकमेकींवर आपटल्या, सगळे थांबले.

'पुन्हा,' जून म्हणाली, आणि केनेथ खुर्चीतून मोठ्याने मोजायला लागला.